सात खेळांचा सवंगडी

परीक्षा संपल्याचा एक आवाज असतो. यंदाही तो एप्रिलमधल्या एका दुपारी आमच्या मुलुंडच्या सोसायटीत शिरला. आधी जिन्यावर दप्तर आपटल्याचा, मागोमाग कुणाच्या तरी आईचा ‘अरे, बूट तरी काढ!’ असा, आणि मग दारे-खिडक्या सताड उघडल्याचा. पण या वेळी त्यात एक स्वर असा मिसळला, की मी ताटात निवडायला घेतलेली मेथी तशीच ठेवून गॅलरीत गेले. वरच्या मजल्यावरच्या निहारला पास होण्याआधीच बक्षीस मिळाले होते. टीव्हीला जोडायचे, जुन्या धाटणीचे खेळाचे यंत्र. आता म्हणे जुन्या खेळांची पुन्हा टूम निघाली आहे. त्या यंत्रातून चौकोनी, ठसठशीत, कुठलाही मुलायमपणा नसलेले सूर टपटप खाली पडत होते. उडी मारली की एक, आपटले की दुसरा, आणि सगळे संपले की उतरत्या भाजणीतले तीन. माझ्या दोन्ही हातांचे अंगठे आपोआप हलू लागले. एका साठी उलटलेल्या, चष्मा लावलेल्या बाईने भर दुपारी गॅलरीत उभे राहून हवेत अंगठे नाचवावेत, हे समोरच्या इमारतीतून कसे दिसले असेल, कोण जाणे. पण मला थांबवत नव्हते.

मला तो उन्हाळा आठवला, ज्या उन्हाळ्यात मी खेळायला शिकले.

तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. संस्कृत घेऊन एम. ए. झाले होते, पण घराबाहेर नोकरी अशी कधी केली नव्हती. मुलगा हॉस्टेलला गेला आणि घर एकाएकी फार नीटनेटके दिसू लागले. त्याच सुमारास यजमानांच्या ओळखीतल्या वर्तक साहेबांना ‘शुद्ध मराठी लिहू शकणारे माणूस’ हवे होते. वर्तक साहेब इंजिनिअर. चांगली नोकरी सोडून त्यांनी मुलुंड पश्चिमेच्या एका औद्योगिक वसाहतीत पहिल्या मजल्यावर गाळा घेतला होता आणि तिथे ते मुलांसाठी व्हिडिओ गेम बनवत होते. आयात करून वर नवे लेबल चिकटवायचा उद्योग नव्हता तो. यंत्राची जुळणी तिथलीच आणि खेळही त्यांचे स्वतःचे. यंत्राचे नाव ‘सवंगडी’. माझे काम एवढेच, की सोबत द्यायची माहितीपुस्तिका लिहायची आणि खोक्यावरचा मजकूर करायचा.

त्या गाळ्याचा वास मला अजून कुठेही ओळखता येईल. तारांच्या जोडांना डाग देताना वितळणाऱ्या राळेचा धूर, नव्या प्लास्टिकचा उग्र दर्प, आणि खालच्या मजल्यावर कुणी पुठ्ठ्याची खोकी बनवत असे त्या ओल्या खळीचा आंबूस वास. खिडकीतून येऊरचा डोंगर दिसे, उन्हाने करपून सिंहाच्या पाठीसारखा झालेला. रस्त्यावर सोनमोहर फुललेले असत आणि त्यांची पिवळी भुकटी वाऱ्याबरोबर आत येऊन टेबलांवर, तारांवर, सुट्या बटणांवर बसे. डाग देणाऱ्या बायका ती फुंकरीने उडवत आणि पुन्हा खाली वाकत. त्यांच्यातली प्रमुख हर्षला. भांडुपच्या कोळीवाड्यातली. तिची आई आणि मावशी मुलुंडच्या बाजारात मासे विकायला बसत. ‘मला त्या धंद्यात पाठवली नाय, कारण माझा आवाज मोठा,’ ती सांगे, ‘गिऱ्हाईक घाबरून पळतं.’

पहिल्याच दिवशी मिलिंदने, म्हणजे खेळ तयार करणाऱ्या आमच्या तरुण इंजिनिअरने, माझ्या हातात रिमोट दिला. मी म्हटले, मला फक्त लिहायचे आहे.

‘मॅडम, खेळल्याशिवाय काय लिहिणार? पोहायचं पुस्तक कोरड्यात बसून लिहिणार का?’

खेळाचे नाव होते ‘बिबट्या’. डोंगरावरून उतरून एक बिबट्या मुलुंडच्या सोसायट्यांमध्ये शिरतो. त्याला मारायचे नाही, कुणाला घाबरवायचे नाही. दिवे लावत, फाटके उघडत-मिटत त्याला परत जंगलाच्या वाटेला लावायचे. माझा बिबट्या पहिल्याच फाटकातून लिफ्टमध्ये गेला आणि खेळ संपला. तीन उतरते सूर. मागून हर्षला ओरडली, ‘काय गो बाय, त्याला फ्लॅट दाखवायला नेलंस काय?’ सगळा गाळा हसला. मीही हसले, आणि माझ्याच लक्षात आले की अशी मोठ्याने मी पुष्कळ दिवसांत हसले नव्हते. संध्याकाळपर्यंत बिबट्या तिसऱ्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे गेला होता. घरी जाताना मला रस्त्यावरची सगळी फाटके नव्याने दिसत होती.

सवंगडीची लढाई दोन्ही बाजूंनी होती. एका बाजूला परदेशातल्या बड्या कंपन्यांची यंत्रे. मॉलच्या काचेमागे, काळी, चकचकीत. त्यांच्यातली माणसे पडद्यावर खऱ्या माणसांसारखी घामाघूम होत. ती यंत्रे आमच्या गिऱ्हाइकाच्या आवाक्यातली नव्हती, म्हणून त्यांची भीती नव्हती. केवळ असूया होती. खरा शत्रू दुसऱ्या बाजूला होता. स्टेशनाबाहेरच्या फुटपाथवर ढिगाने विकली जाणारी, कुणी बनवली ते कुठेच न लिहिलेली, हलकी, स्वस्त यंत्रे. त्यांच्यासोबत एक पिवळी कॅसेट मिळे आणि तिच्यावर भल्यामोठ्या अक्षरांत छापलेले असे: ९९९९ खेळ.

आणि आमच्या खोक्यावर काय होते? ते मी लिहिले होते. वर्तक साहेबांनी विचारले होते, ‘ठळक असं काय लिहाल?’ मी रात्रभर विचार करून सकाळी कागद पुढे केला. ‘सात खेळ. सातही वेगळे.’ वर्तक साहेबांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून पुसला. ‘वा,’ ते म्हणाले, ‘खरं आहे आणि सुबक आहे.’ आयुष्यात माझे पहिलेच छापील वाक्य ते. खोकी छापून आली तेव्हा मी एकावरून हळूच बोट फिरवले होते.

खरे आणि सुबक असले की माल खपतो, अशी आम्हां दोघांचीही प्रामाणिक समजूत होती. शाळेत पहिल्या बाकावर बसलेल्या माणसांचीच अशी समजूत असू शकते.

शांतीभाई घाटकोपरचे मोठे घाऊक व्यापारी. उपनगरातल्या निम्म्या दुकानांत खेळण्यांचा माल त्यांच्याकडून जाई. ते आले, खुर्चीत रेलून बसले, आमचा ‘पतंग’ हा खेळ खेळून पाहिला, स्वतःशीच हसले, आणि मग खोके हातात घेऊन गंभीर झाले.

‘वर्तकसाहेब, माल एकदम सरस. पण नाव हे काय? सवं... सवंगडी? दुकानदाराची जीभ वळणार नाय. चालो, नावाचं जाऊ द्या. हा सात काय?’

‘सात खेळ आहेत.’

‘ते मला कळलं. पण लिहिलं कशाला?’

‘आहेत म्हणून लिहिलं.’

शांतीभाईंनी वर्तक साहेबांकडे बराच वेळ, एखाद्या आजारी आप्ताकडे पाहावे तसे पाहिले. ‘बाजूच्या खोक्यावर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव. तुमच्यावर सात. बाप कुठला उचलेल? नऊशे तरी लिहा. लगेच सगळा माल उचलतो. सात असेल तर एक पीस पण नाय.’

शांतीभाई गेले. कच्च्या मालाचे पैसे घालून झाले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत माल गेला नाही तर पुढचा हंगाम दिवाळीचा, आणि तोवर हे टेबल, या बायका, हा धूर काहीच राहणार नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होते. माझ्या एका शब्दावर सगळे अडले होते. वर्तक साहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले. ‘खोटं छापणार नाही,’ एवढेच ते डोंगराला म्हणाले.

मग मिलिंदला युक्ती सुचली. मुलुंडच्या एका शाळेच्या सभागृहात दर उन्हाळ्यात गृहोपयोगी वस्तूंचे प्रदर्शन भरे. कुरडया, सुती गाऊन, आवळ्याचे सरबत, पायाला लावायची मलमे. तिथे आपण टेबल घ्यायचे, आणि ती पिवळी कॅसेट सगळ्यांसमोर लावून तिच्यातले खेळ मोजायचे. ‘सगळे रिपीट आहेत, यार. दहा-बारा खेळ आणि त्यांच्याच नकला. पब्लिकसमोर मोजले ना, वाट लागेल त्यांची!’

आपल्याकडे बल्बसुद्धा दुकानात लावून पाहिल्याशिवाय कुणी पिशवीत टाकत नाही. ‘चालवून दाखवा’ हा आपला ग्राहकमंत्र. त्याचा इतका शूर वापर कुणी केला नसेल. प्रदर्शनात आमच्या समोरच्याच टेबलावर ती फुटपाथची यंत्रे होती. तिथला विक्रेता निवांत कलिंगड खात बसला होता. हर्षलाने पदर खोचला आणि आईकडून घेतलेला आणि इतकी वर्षे वाया गेलेला तो आवाज काढला. ‘या ताई, या दादा! ९९९९ खेळ मोजून देतो, फुकटात! एक जरी कमी भरला तर बोला!’

पोरे धावली. परीक्षा नुकतीच संपली होती. त्यांच्याकडे रिकामा वेळच वेळ होता. मिलिंद एकेक खेळ लावून दाखवी आणि सभागृह दणाणून सोडत मुले आकडा म्हणत. मी आवाज न करता ओठ हलवत होते. मग, दहा-बारांच्या पुढे थोडेसेच गेल्यावर, पडद्यावर पुन्हा तोच भिंत फोडायचा खेळ आला. फक्त नाव बदललेले.

‘बघा!’ हर्षलाने टाळी वाजवली. ‘तोच मासा, परत टोपलीत!’

हशा उसळला. पुढचाही तोच. त्याच्या पुढचाही. आया एकमेकींकडे पाहून माना हलवू लागल्या. एक गृहस्थ म्हणाले, ‘फसवतात साले.’ मला वाटले आपण जिंकलो. ते सुख अंगभर फिरले, अगदी कानांच्या पाळ्यांपर्यंत. समोरचा विक्रेता मात्र कलिंगडाच्या बिया पुठ्ठ्यावर काढून ठेवत शांतपणे हसत होता. त्याच्या हसण्याचा अर्थ मला लगेच कळला नाही.

तो दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने सांगितला. ऋता तिचे नाव. चौथीतून पाचवीत जाणारी.

‘पण काकू, हा तोच नाहीये.’

‘तोच आहे बाळा. बघ, तीच भिंत, तोच चेंडू.’

‘नाही हो! आधीच्यात पहिल्यापासून सुरू होतं. ह्यात डायरेक्ट चौथ्यापासून. मला पहिलंच कधी पार होत नाही. ह्या कॅसेटमध्ये मला चौथ्यातला राक्षस बघायला मिळतो.’ मग आमच्या टेबलाकडे बोट दाखवून ती अगदी सहानुभूतीने म्हणाली, ‘तुमच्यात बिबट्या लिफ्टमध्ये गेला की संपलंच. पुढचं जंगल कुणी बघितलंय?’

आजूबाजूची मुले म्हणाली, ‘हो ना!’ आणि आमच्या विजयातली सगळी हवा गेली. पोरे समोरच्या टेबलाकडे पांगली.

मला वाईट वाटायला हवे होते. पण खरे सांगते, माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. त्या खोट्या आकड्याच्या पोटात एक सोय लपलेली होती, आणि ती आम्हां खऱ्या माणसांना सुचली नव्हती. पहिली पायरी जमली नाही तर दुसरी बघायचीच नाही, हा नियम आम्ही कुठून आणला होता? प्रस्तावना वाचल्याशिवाय मी कधी पुस्तक उघडले नाही. पहिला धडा पाठ झाल्याशिवाय दुसऱ्याचे पान उलटले नाही. नोकरीसुद्धा मी केली नाही, कारण आधी काय काय पुरे करायला हवे त्याची माझ्या मनातली यादी कधी संपलीच नाही. आणि इथे ही चिमुरडी सरळ चौथ्या पायरीवरून सुरुवात करत होती, राक्षस बघत होती, हरत होती आणि आनंदात होती!

दुसऱ्या दिवशी गाळ्यात मी स्वतःहून बोलले. तोपर्यंत मी विचारल्याशिवाय बोलत नसे. ‘आपले सातही खेळ कुठल्याही पायरीपासून सुरू करता आले तर?’

वर्तक साहेबांच्या कपाळावर आठी आली. ‘पहिली पायरी न चढता दुसरी? मग शिकणार काय पोरं?’

‘साहेब,’ हर्षला डाग देता देता म्हणाली, ‘तुम्ही नाटकाला उशिरा पोचलात तर घरी परत जाता काय? अंधारात चाचपडत बसताच ना खुर्चीवर?’

थोड्या वेळाने वर्तक साहेब मिलिंदच्या खुर्चीमागे उभे राहून विचारत होते, ‘किती दिवस लागतील रे?’

पुढचे दिवस मला एखाद्या लग्नघरासारखे आठवतात. मिलिंदने खेळ बदलले. नशिबाने खेळांची चिप खाचेत बसवलेली होती, म्हणून ती काढून दुसरी घालता येत होती. बांधलेली खोकी पुन्हा उघडली, यंत्रे खोलली, नव्या चिपा बसवल्या. कुणी स्क्रू काढी, कुणी लावी, मी प्रत्येक यंत्र टीव्हीला जोडून पाही. कैऱ्यांचे पन्हे पातेल्याने येई. खिडकीतून सोनमोहराचा पिवळा पाऊस. आणि मधेच मी, चोरून, अगदी शेवटच्या पायरीपासून बिबट्या लावला. जंगल दिसले. निळे-काळे चौकोनी झाड, त्यामागे चौकोनी चंद्र. बिबट्याने मागे वळून पाहिले. मिलिंदने हे कधी कुणाला सांगितलेही नव्हते. इतके सुंदर काहीतरी करून त्याने ते सगळ्या फाटकांच्या पलीकडे दडवून ठेवले होते.

शांतीभाई पुन्हा आले. या वेळी नातीला घेऊन. नात खेळत राहिली, हाका मारल्या तरी उठेना. शांतीभाई मान डोलवत म्हणाले, ‘अर्धा माल उचलतो. दुकानात मांडून बघू. मे महिन्यात हलला तर बाकीचा पण घेतो, नाय हलला तर परत पाठवतो. पण तो सात काढा. खोटं नको तर नको, आकडाच नको.’

वर्तक साहेब माझ्याकडे वळले. ‘शब्द तुमचा आहे.’

सगळ्या टेबलांवरचे हात थांबले. माझ्या त्या एकुलत्या एका छापील वाक्याकडे मी पाहिले. ‘झाकू या,’ मी म्हटले. ‘त्यावर पट्टी लावू. “सुरुवात कुठूनही करा.” पण कुणी विचारलं, तर मात्र सातच सांगायचं.’

‘कोण विचारतोय,’ शांतीभाई हसले.

सवंगडीचे पुढे काय झाले, ते इथेच सांगून टाकावे. आणखी काही उन्हाळे तो टिकला. मग ज्याच्या-त्याच्या तळहातावर फोन आला, आणि त्यातले खेळ तर फुकटच होते. त्याच्याशी काचेमागच्या बड्या कंपन्यांनाही झगडावे लागले, तिथे आमचा काय पाड. वर्तक साहेब आता लिफ्टमधले मजल्यांचे आकडे दाखवणारे फलक बनवतात. मिलिंद बंगळुरूला असतो. हर्षलाने शेवटी आईची जागा घेतली आणि तिच्या आवाजाने गिऱ्हाईक पळत नाही. हे सारे मला दुःखाचे वाटत नाही. हरण्याआधी किती वेगवेगळ्या प्रकारे खेळता येते, ते मी तिथे पाहिले.

मला सांगायचे आहे ते त्याच मे महिन्यातले. माल दुकानांत गेला होता आणि आम्ही सगळे नुसते वाट पाहत होतो. वाट पाहवेना, तेव्हा एका संध्याकाळी मी कुणाला न सांगता घाटकोपरला गेले. खेळण्यांच्या एका दुकानात फळीवर सवंगडी होता. शेजारी पिवळ्या कॅसेटवाले खोके. मी जवळ जाऊन पाहिले आणि चक्रावले. आमच्या पट्टीवर दुकानदाराने स्वतःची आणखी एक पट्टी लावली होती. लाल शाईत, हाताने लिहिलेली: ५०० गेम.

तेवढ्यात एक गृहस्थ मुलीला घेऊन आत आले. मुलीने नेमके आमच्याच खोक्याकडे बोट केले. बहुधा चित्रातल्या बिबट्यामुळे.

‘किती गेम आहेत ह्यात?’ गृहस्थांनी विचारले.

‘पाचशे,’ दुकानदार म्हणाला.

मला दुकानात अनोळखी माणसाशी बोलायचे म्हणजे घाम फुटतो. साडीला पिको करायला टाकतानाही मी मनात वाक्य जुळवून ठेवते. आणि इथे बोलले तर खोके फळीवरच राहणार, कदाचित गाळ्यात परत येणार, हे मला दिसत होते.

‘सात आहेत,’ मी म्हटले.

तिघेही माझ्याकडे वळले.

‘काकू, तुम्हांला काय पाहिजे?’ दुकानदाराचा आवाज कडक झाला. ‘घ्यायचं नसेल तर बाजूला व्हा ना.’

‘सातच आहेत. मला माहीत आहे. आम्हीच बनवलाय तो.’ आणि मग, कुणी विचारले नसताना, ‘पण कुठूनही सुरू करता येतात.’

गृहस्थांनी खोके खाली ठेवले. त्यांचा हात पिवळ्या कॅसेटकडे वळला. ‘सात म्हणजे काहीच नाही गं. हे बघ, ह्यात नऊ हजार—’

‘सात?’ मुलगी मधेच म्हणाली. तिने बोटांवर काहीतरी हिशेब केला. तिचे डोळे मोठे झाले. ‘मग सुट्टीत सगळे जिंकून होतील, बाबा! सगळेच्या सगळे!’

बापाने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा खोक्याकडे. ‘चालवून दाखवा,’ तो म्हणाला.

दुकानदाराने मला एकदा आपादमस्तक न्याहाळले, आणि मुकाट्याने टीव्हीची पिन लावली.